आत जाणारं दार

कोंबड्यांच्या शेडचं दार आपोआप बंद झालं, तेव्हा भागवत आत मेलेले पक्षी गोळा करत होता. छतावरच्या यंत्राने सहा हजार कोंबड्यांची घरघर ऐकून निदान केलं होतं: बर्ड फ्लू. त्याच यंत्राने भागवतचा दोन दिवसांचा खोकलाही माणसांचा फ्लू म्हणून ओळखला होता आणि दार लावून घेतलं होतं.

बाहेरून त्याच्या बायकोने, कुसुमने, यंत्राचा ताबा असलेल्या पशुवैद्य तस्नीम पटेलांना फोन लावला. “डॉक्टर, दार उघडा! हे आत अडकलेत.”

“नाही उघडता येत, ताई. त्यांच्या अंगात दोन्ही फ्लूचे विषाणू मिसळून माणसाला मारणारा तिसरा तयार झाला असेल, तर गाव वाचणार नाही. एकवीस दिवस थांबावं लागेल.”

“त्यांना ताप आहे. पाणी कोण पाजणार?”

डॉक्टरांचा आवाज खाली आला. “सोबतीला एकाला आत जाता येतं, तेवढ्यापुरतं दार बाहेरून उघडतं. पण मग त्यालाही बाहेर येता येत नाही.”

दाराच्या काचेपलीकडे भागवत भिंतीला टेकून धापा टाकत होता. कुसुमला बघून तो हातानेच ‘लांब हो’ म्हणत राहिला.

तिने कळशी भरली आणि दारावर हात ठेवला. दार उघडलं आणि तिच्यामागे लगेच मिटलं.

“अगं, का आलीस?” भागवत रडकुंडीला आला.

“आधी पाणी प्या,” ती म्हणाली.