रांगोबांनी घेतलेली मशीनची परीक्षा

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनीही ऐकावी अशी गोष्ट सांगतो, आणि देवाच्या दयेने हिच्यात कुणी मरत नाही.

रक्त-लघवी तपासायची एक प्रयोगशाळा होती. तिथे अठ्ठावीस वर्षं एकच माणूस नमुन्यांची रांग लावायचा. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, सगळं तोंडपाठ. म्हणून त्यांना नावच पडलं रांगोबा. आता तिथे मशीन आलं. डबी ठेवली की ते चिठ्ठी वाचायचं, रांग लावायचं, तपासायचं, निकाल छापायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, "आठ दिवस बघू. चुकलं तर परत पाठवू. नाही चुकलं, तर रांगोबा, तुम्ही खालच्या दप्तरखोलीत."

सात दिवस मशीन चुकलं नाही. सातव्या रात्री रांगोबांनी घरी तेच रडगाणं लावलं.

"एवढं काय करतं ते?" बायकोने विचारलं.

"काय करत नाही ते विचार. निकाल वाईट दिसला की तो नमुना रांगेत पहिला घेतं, पुन्हा तपासतं, आणि घरी फोनसुद्धा आपणच लावतं."

"घरी फोन?" चादरीची घडी घालता घालता बायको थांबली. "मग त्याला चहा पाजा."

"कुणाला?"

"मशीनला. तुमचा अकराचा कोरा, बिनसाखरेचा चहा. रंग तोच की. डबीत ओता नि द्या ठेवून. ओळखलं नाही तर अक्कल निघाली त्याची. चिठ्ठी मात्र स्वतःच्या नावाची लावा हो. दुसऱ्या कुणाच्या जिवाला घोर कशाला?"

रांगोबांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. तीन वर्षांपूर्वी त्यांची साखर वाढली, तेव्हा याच बाईने घरातला साखरेचा डबा हद्दपार केला होता. एवढं पथ्य, तरी आकडा काही हलत नव्हता. तीही बिचारी हात टेकून बसली होती.

आठव्या दिवशी अकराला चहा आला. रांगोबा रोजच्यासारखे कप घेऊन कोपऱ्यातल्या कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. कपाटात हातमोजे, काचपट्ट्या आणि रोग्यांना तपासणीआधी पाजायच्या ग्लुकोजचा डबा. हे त्यांचं नामस्मरण, असं सगळे समजत आणि तेवढ्यात कुणी हाक मारत नसे. मग अर्धा कप मिटल्या डोळ्यांनी पिऊन उरलेला त्यांनी डबीत ओतला, नाव चिकटवलं आणि डबी मशीनसमोर ठेवली.

मशीनने ती वाचली, तपासली आणि लाल दिवा लावला. चाळीस माणसांचे नमुने मागे सारून चहा पुन्हा पहिल्या नंबरला घेतला.

रांगोबा कागद घेऊन धावलेच. "बाई, चहाला रोगी समजतंय हो. खरे रोगी बसलेत ताटकळत."

बाईंनी कागदावरचा आकडा पाहिला. मग रांगोबांकडे पाहिलं.

"पाठवू परत," त्या म्हणाल्या. "रांग तुमचीच. आज लवकर घरी जा."

रांगोबा गुणगुणत घरी आले. दारातच भरलेली पिशवी होती. बायको चपला घालून तयार.

"मशीनचा फोन आला होता. लघवीत साखर भयंकर आहे म्हणे. चला, दवाखान्यात दाखल होऊ."

रांगोबा पोट धरून हसले. "अगं, लघवी कुठली? चहाच तो. तूच नाही का सांगितलंस?"

"चहाच होता? नक्की?"

"देवाशपथ."

"बरं झालं." बायकोने पिशवी आत नेऊन ठेवली. "तीन वर्षं मी तुमचा चहा कुठे तपासून घ्यावा, याच काळजीत होते."

तर मंडळी, देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या मशीनचीही आठवण ठेवा. खरं बोललं, आणि बिचाऱ्याची नोकरी गेली.