राईचं गाऱ्हाणं

झाडं तोडायला आणलेल्या, गावातल्याच बाबलीने कटर जमिनीवर ठेवला आणि सरळ सांगून टाकलं, "गाऱ्हाणा घातल्याबगर मी झाडाक हात लावूचंय नाय."

कंत्राटदार घाटावरचा. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि संचिताला म्हणाला, "मॅडम, काय ते लवकर उरका."

संचिता नगरपंचायतीची अभियंता, याच गावची लेक. बंदरावरच्या बाजारातली जुनी राई, म्हणजे राखून ठेवलेली दाट झाडी, काढून तिथे पेव्हर ब्लॉकचा चौक आणि पत्र्याची शेड उभारायची, हा आराखडा तिचाच. मासे विकणाऱ्या बायांना डोक्यावर पक्कं छप्पर मिळेल, असं तिला मनापासून वाटलं होतं. तिची स्वतःची आई, नर्मदा, तीस वर्षं याच सावलीत टोपली घेऊन बसत आली होती. निविदा निघाली आणि मग उपग्रहाने टिपलेलं उष्णतेचं चित्र संचिताच्या हाती आलं. सगळा बाजार लालभडक, राई तेवढी निळी. तिने अर्ज केला, राई राखून नवा आराखडा द्यायची तयारी दाखवली. साहेब म्हणाले, चित्र छान आहे, पण आता उशीर झाला. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

धोंडूआजोबा आले. गावाच्या वतीने राखणदार देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांनी नारळ मुळाशी ठेवला आणि संचितापुढे हात केला. "चेडवा, ता तुझा चित्र दाखव बघूया."

तिने कागद उलगडला.

"हय निळा कित्याक गो?"

"ती आपली राई, आजोबा. भोवतालच्या पत्र्यांपरास नऊ अंशांनी थंड आसा."

आजोबांनी कागदाची घडी करून ती नारळाखाली ठेवली. मग त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि आवाज चढवला. "बा राईच्या राखणदारा! आमच्या पणज्यांपासून तू आमकां सावली दिलंस..."

"व्हय म्हाराजा!" जमलेल्यांनी एका सुरात साथ दिली.

"आज आमकां ती नको झाली..."

"व्हय म्हाराजा!"

सवयीने तोंडातून निघूनही गेलं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने बोलायचं आणि गावाने हो म्हणायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. नर्मदेने चटकन तोंडावर हात ठेवला.

"उद्या हय बसणारी बायलमाणसां उन्हान कोसळली, तर तेचो दोस आमच्या माथ्यार!"

कुणीच बोललं नाही. आजोबा तसेच हात जोडून उभे. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"व्हय म्हाराजा," शेवटी कंत्राटदारच म्हणाला. "झालं? लाव रे मशीन."

"तुमी घाटावरचे," आजोबांनी डोळे उघडले नाहीत. "तुमचो व्हय चलाचो नाय. दोस गावचो, गावच्यान घेवक होयो. नकाशो कोणाचो?"

"माझो," संचिता म्हणाली.

"मगे तू म्हण."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने एक शब्द उच्चारला की बाबली कटर उचलणार. नाही म्हटलं तर नोकरीवर पाणी सोडायची वेळ येईल, हेही तिला लख्ख कळत होतं. तिने आईकडे पाहिलं. नर्मदा पदराने मान पुसत होती.

संचिताने चपला काढल्या आणि हात जोडले.

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला असा जबाब गावाने कधी ऐकला नव्हता. कंत्राटदार काहीतरी बोलू लागला, पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. धोंडूआजोबांनी डोळे उघडले आणि मान वर करून झाडांतल्या राखणदाराला विचारलं,

"आयकलंस मा रे?"