ब्रेकडाउन रजिस्टर

चाकणच्या कंपनीत तीस वर्षं मशिनी दुरुस्त करणारा रोहिदास लेकीला, मोनिकाला, चौथ्या डॉक्टरकडे घेऊन आला. आधीच्या तिघांनी दहा मिनिटांत बायपोलर ठरवून गोळ्या दिल्या, गुण शून्य. म्हणून गड्यानं, कंपनीत मशिनींच्या बिघाडांचं ठेवतात तसं, गुपचूप ब्रेकडाउन रजिस्टर मांडलं: पोरीचं किती वाजता बिनसलं, त्याआधी काय झालं, पुन्हा केव्हा हसली. ते वाचून, मोनिकाशी तासभर बोलून डॉक्टरमॅडम म्हणाल्या, “मूड तासातासाला फिरतो, तोही कुणी सोडून जाईल या धास्तीनं. बायपोलरमध्ये तो कित्येक दिवस टिकून राहतो. हे बायपोलर नाही, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, थेरपीनं सुधारतं.” मोनिकानं रजिस्टर हिसकावलं. “आप्पा, मी कंप्रेसर हाय व्हय?” रोहिदासचा जीव टांगणीला लागला, ही उठून गेली तर पुन्हा येणार नाही. तिनं सगळं वाचलं. “मंगळवारी रडले न्हाई, कांदा चिरत होते,” म्हणत तिनं ओळ खोडली. “मॅडम, पुढं कधी यायचं?”