आडवा उजेड

"हे नाणं काढावं लागेल," परीक्षक म्हणाले. "ओरखडा आहे. मानाच्या जागी ओरखड्याचं नाणं शोभत नाही."

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. काठी धरून ताठ बसलेल्या अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, पण त्यांची नजर परीक्षकांच्या खांद्यावरून पलीकडे गेली. समोर बघायला गेलं की आताशा त्यांना मधोमध एक करडा डाग तेवढा दिसायचा. संग्रह त्यांचा होता, जन्मभर जमवलेला. पण आज प्रदर्शनाचा हॉल उघडायच्या आधी मखमलीवर नाणी मांडली होती ती तिनं.

"ओरखडा नाही तो," अण्णा म्हणाले. "ज्या ठशानं नाणं पाडलं, त्या ठशालाच तडा गेला होता. तड्याची रेघ नाण्यावर उमटली. अशी नाणी शोधून सापडत नाहीत."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी खुदकन हसलं. संग्राहकांच्या मंडळात हे नाणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं आणि 'अण्णांचा ओरखडा' असंच त्याचं नाव पडलं होतं.

"अण्णा, मी भिंगातून पाहिलं," परीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले. "कुणीतरी कधीतरी खिळा ओढलाय, दुसरं काही नाही."

"मग माझी सून बघेल."

 औषधांच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण नाण्यांच्या बाबतीत ती अजून अक्षरं गिरवत होती. अण्णांचे डोळे गेले तशी तीच एक दिवस भिंग घेऊन त्यांच्यापुढे बसली होती, "मला शिकवा" म्हणत. आणि या एका नाण्याला अण्णांनी तिला अजून हात लावू दिला नव्हता.

अण्णांनी तिचं मनगट धरून तिला खाली ओढलं.

"ऐक," ते हळूच म्हणाले. "हे घेतलं तेव्हाच माझे डोळे धूसर व्हायला लागले होते. मला दिसलं की मीच ते बघायचं ठरवलं, देव जाणे. ओरखडा असला तर सरळ ओरखडा म्हण. माझं मन राखत बसू नकोस."

ती टेबलाशी बसली.

"सर, वरची ट्यूब बंद करता का? तिचा उजेड सगळीकडून सारखा पडतो. खोल काय नि उंच काय, दोन्ही सपाट दिसतं."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी बटण दाबलं. तिनं टेबललॅम्पची मान मोडल्यासारखी खाली वाकवली, डाव्या अंगाला, इतकी की उजेड मखमलीला घासत आला. मग कडेला दोन बोटांत धरून नाणं उचललं. भिंग पापणीला भिडवलं आणि नाणं सावकाश जवळ आणलं.

आधी नुसती चकाकी. मग तिच्याच श्वासाची वाफ. तिनं श्वास धरला, नाणं किंचित कललं, आणि चांदीतून घोडा वर आला. आयाळ, लगाम, वर बसलेला स्वार. पुढच्या खुरापासून एक रेघ निघाली होती.

"काय दिसतंय?" अण्णांनी विचारलं.

"रेघ."

"ती आंधळ्यालाही ठाऊक आहे. सावली कुठे पडलीय?"

तिनं नाणं फिरवलं. घोड्याचे पाय वर येतील असं उलटं धरलं. पुन्हा सुलट केलं. शेजारचे लोक आता उठून जवळ आले होते.

"अण्णा," ती शेवटी म्हणाली, "ओरखडा आहे."

काठीवरची अण्णांची मूठ सैल झाली. परीक्षकांनी नाण्यासाठी हात पुढे केला.

"थांबा, मी स्वाराच्या पाठीमागचं सांगतेय," ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली. "तिथं एक बारीक ओरखडा आहे. तो खोल आहे, म्हणून त्याची सावली दिव्याच्या बाजूला पडलीय. खुराच्या रेघेची सावली पलीकडच्या बाजूला आहे. नाणं उलटं फिरवलं तरी पलीकडेच. भिंतीची पडावी तशी. ही रेघ कोरलेली नाही, सर. उठलेली आहे. ठशाच्या तड्यात चांदी शिरली की अशी उठते. कडेच्या अक्षरावरून चढून गेलीय, थेट काठापर्यंत. खिळ्यानं चांदी उकरता येते, उगवत नाही."

ती उठली आणि परीक्षक तिच्या खुर्चीवर बसले. चष्मा कपाळावर सरकवला, आपलं भिंग काढलं. बराच वेळ नाणं त्यांच्या बोटांत फिरत राहिलं. हसणारा शेजारी त्यांच्या मानेवरून डोकावत होता, त्याला त्यांनी कोपरानं मागे सारलं.

"उठलेली आहे," ते म्हणाले. मग मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं: "तडाच आहे हा! अण्णा, मी ट्यूबखाली उभ्याउभ्या पाहिलं. चुकलो मी."

त्यांनी उठून तिला खुर्ची परत दिली आणि नाणं स्वतःच्या हातानं मखमलीच्या मधोमध ठेवलं. अण्णांचा चेहरा हलला नाही. फक्त त्यांनी हनुवटी काठीच्या मुठीवर टेकवून धरली.

तेवढ्यात शेजारी आपल्या टेबलावरून धावत एक तांब्याचं नाणं घेऊन आला. "अण्णा, हे जरा बघता का? यावरही अशीच एक रेघ आहे बघा!" त्याच्या मागे आणखी दोघं आपापली नाणी चाचपत उभे.

अण्णा तोंड भरून हसले.

"मला काय दाखवता? जाणकार तिकडे बसल्या आहेत," ते म्हणाले. "आणि गर्दी करू नका. उजेड अडतो त्यांचा."