केतकीचा चुडा

तिसरी बांगडीही केतकीच्या मनगटाशी पोचण्याआधीच तडकली, तेव्हा मांडवातल्या बायकांच्या तोंडचं पाणीच पळालं! बांगडी 'वाढली' म्हणायचंसुद्धा कुणाला सुचेना.

"इंदू, तीस वर्षं अख्ख्या गावाला बांगड्या भरल्यास, आणि पोटच्या पोरीच्या चुड्यालाच हात थरथरतो होय गं?" आत्याबाई म्हणाल्या.

इंदूबाईंचा हात थरथरत नव्हता. हात कसा चेपायचा, अंगठा कुठे दुमडायचा, हेच त्यांना आठवत नव्हतं.

"आई, सोमवारी विद्यापीठात काय झालं?" केतकीने घाबरत विचारलं.

"तिथल्या यंत्राने डोक्यातलं कासारकाम जमा करून घेतलं, आणि त्याच्या बदल्यात पदवीचं पहिलं वर्ष माफ केलं. मला वाटलं, दाखल्यासारखं तपासतील आणि मूळ प्रत परत देतील."

आईने शिकावं म्हणून अर्ज केतकीनेच हौसेने भरला होता. अटी न वाचताच 'मान्य'वर बोटही तिनेच ठेवलं होतं.

तिने रक्ताळलेला हात पुन्हा पुढे केला. "भर गं आई. फुटू देत."

इंदूबाईंनी चौथी हिरवी बांगडी उचलली आणि लेकीलाच हळूच विचारलं, "आधी काय करायचं असतं गं?"