घरचा माणूस

विक्रेता हेरंबच्या स्मार्ट चष्म्याच्या कोपऱ्यात वत्सलाकाकू हुपरीकरांच्या नावापुढे हिरवी अक्षरं उमटली : 'टप्पा चौथा, घरचा माणूस. सही आजच घ्या.' ओळख, विश्वास, जिव्हाळा हे आधीचे तीन टप्पे कंपनीच्या सॉफ्टवेअरनेच पार पाडले होते. फोनवर, हेरंबच्या आवाजात. त्याने फक्त शेवटी दारात उभं राहायचं. जिना चढताना त्या बोलण्याची टिपणं वाचायची आणि सॉफ्टवेअरचा त्या घरी जाणारा रोजचा फोन थांबवायचा, असा नियम होता. पण आज चार घरं उरकायची होती. कोण वाचत बसणार?

काकूंनी दार उघडलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. दडपे पोह्यांची बशी तयारच होती.

सोलरच्या देखभालीचा करार पुढे सरकवत हेरंब सवयीने म्हणाला, "काका दिसत नाहीत? बाजारात गेलेत वाटतं?"

काकू बघतच राहिल्या. "अरे, तेरावं होऊन महिना झाला. तू फोनवर माझ्याबरोबर रडलास की रे. दोन तास."

हेरंबची मान खाली गेली. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्याने मान वर केली, तेवढ्यात काकूंचा मोबाईल वाजला. त्यांनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

"काकू, जेवलात का?" हेरंबच्या आवाजात कुणीतरी मायेने विचारलं.

काकूंनी मोबाईलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, बराच वेळ. करार त्यांनी त्याच्या हातात परत ठेवला आणि मोबाईल कानाला लावून त्या आत वळल्या.

"नाही रे बाळा, अजून नाही. बाहेर कंपनीचा कुणी माणूस आलाय. जाईल एवढ्यात."