उजवी कड

“खिडकी उघड. तिच्यावर दुसरी उघड. मग वरची बंद कर. खालचीवर ओरखडासुद्धा दिसता कामा नये,” बद्रीनाथ म्हणाला आणि हाताची घडी घालून बसला.

विशाखानं पडद्याकडं पाहिलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नावाला नाही. शेंद्र्याच्या या कारखान्यात गेटचा सगळा कारभार असल्या पडद्यावर चालायचा. ट्रक कुठला, ड्रायव्हर कोण, माल काय, सगळं रेघांनी आखलेल्या चौकटींत. त्या चौकटींनाच खिडक्या म्हणायचे. हा सगळा प्रोग्राम बद्रीनाथनं अठरा वर्षांपूर्वी एकट्यानं लिहिला होता. बारावी नापास माणूस, झेरॉक्सची पुस्तकं वाचून शिकलेला.

“आतली नावं मराठीत पाहिजेत,” तो म्हणाला. “अन् चौकट सरळ. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ आहे.”

“एवढा कशाला सर?”

पोरीच्या जिभेला हाड नव्हतं. बद्रीनाथला ते आवडलं नाही.

तिला मुलाखतीला आत आणताना मॅनेजर सुदर्शननं आधी कॉलेज विचारलं, मग आडनाव दोनदा विचारलं, मग डिप्लोमा अर्धवट का सोडला ते विचारलं. “बाप बांधकामावरून पडला,” एवढंच ती बोलली. ज्यांनी जन्मात प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही, त्यांना कागद लागतात. काम दाखव म्हणायची अक्कल लागते, ती कुठून आणणार?

तिच्यासमोर दुसरी वाट तयारच होती. उद्यापासून पॅकिंगच्या लाइनवर, ठेकेदाराकडं. नाव देऊन आली होती. आज जमलं नाही तर तिथं खोके चिकटवायचे.

तिच्या आधी दोघं येऊन गेले होते. पहिल्याची खिडकी उघडायची, आणि कुणी कळ दाबायची वाट बघायला लागली की गायब व्हायची. बिचारा ती शोधत बसला. खिडकी जागेवरच असते. वाट बघता बघता खालचं कोरं पान स्वतःला पुन्हा रंगवतं आणि तिला झाकून टाकतं. हे त्याला सुदर्शननं वेळ संपली म्हणेपर्यंत उमगलं नाही. दुसरा तो खड्डा ओलांडून गेला, पण त्याला मराठी नावांनी खाल्लं. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. प्रोग्राम नावाची लांबी एक मोजतो, पडदा त्याला भलतीच जागा देतो. प्रत्येक नावानिशी चौकटीची उजवी कड दारुड्यासारखी झोकांड्या खात होती.

दोघं पडले त्या दोन्ही रात्री बद्रीनाथला गाढ झोप लागली.

आज डबा भरताना त्याच्या बायकोनं, लक्ष्मीबाईनं, विचारलं होतं, “आज बी कुणी येणार हाये का?”

“एक पोरगी.”

“पडंल का?”

“पडतात सगळेच,” तो म्हणाला. तिनं डब्यात एक भाकर जास्तीची घातली.

खरं म्हणजे मराठी नावांची ती झोकांडी बद्रीनाथलाही कधी थांबवता आली नव्हती. त्याच्या खिडक्यांत अठरा वर्षं ड्रायव्हरांची नावं इंग्रजीत होती. कुणी विचारलं तर “नियमच तसा” म्हणून तो मोकळा व्हायचा.

“झालं सर.”

त्यानं घड्याळ पाहिलं. जेवणाला पाऊण तास होता.

पडद्यावर ट्रकांची यादी उभी होती. तिनं कळ दाबली. यादीवर नवी खिडकी उघडली, ‘गाडी आत घेऊ?’ विचारत थांबली. थांबूनच राहिली. गायब झाली नाही.

“बंद कर.”

खिडकी मिटली. खालची यादी जशीच्या तशी. लुकलुकणं नाही, चरा नाही. अक्षरांची जेवढी घरं बदलली तेवढीच तिनं पुन्हा रंगवली होती.

बद्रीनाथ पुढं सरकला. तिला पाडायला त्यानं स्वतः नावं टाकली. ‘कृष्णमूर्ती’ टाकलं. ‘ज्ञानोबा त्र्यंबके’ टाकलं. मग ‘कडू’ टाकलं, दोनच अक्षरं. एकावर एक पाच खिडक्या उघडल्या, मधलीच बंद केली, कळा दाबून पडदा निम्मा केला. खिडक्या अंग चोरून नीट बसल्या.

कड सरळ होती. करमाडच्या शेतात त्याचा बाप पेरणीला पाभर धरायचा तेव्हा मातीत तास असा यायचा. त्यानंतर इतकी सरळ रेघ त्यानं पाहिली नव्हती.



“नावं मोजलीस कशी?”

“मोजलीच नाय.”

“मग?”

“नाव लिहिते, अन् पडद्यालाच विचारते, बाबा, आता तू कितव्या घरात उभा हायेस? तो आकडा सांगतो. तिथून कडेपर्यंत जेवढी घरं उरली तेवढी मोकळी सोडते.” ती हसली. “आपण कशाला अंदाज बांधायचा? ज्याचं त्याला ठाऊक असतंय.”

अठरा वर्षं तो आकडेमोड करत बसला होता. पडद्याला विचारायचं सुचलंच नव्हतं.

“कुणी शिकवलं?”

“कुणी शिकवणार? प्रोग्राम मोडला, जोडला, पुन्हा मोडला. चुकलं का सर काही?”

“लई... ” तो खुर्चीतून उठला. “बस. आलोच.”

बाहेर बोळात सुदर्शन कागद घेऊन उभा होता. “काय बद्रीकाका, तिसरीपुढंही ‘नाही’च लिहू?”

“घ्या हिला. सोमवारपासून.”

सुदर्शनचं पेन थांबलं. “नीट तपासलं? काहीतरी चूक असेलच की. शोधा.”

“शोधली. चूक नाय.”

“काका,” सुदर्शननं आवाज खाली आणला, “साहेबांनी दिलेला कागद वाचलाय ना तुम्ही? तुमच्या जागी माणूस मिळेपर्यंतच तुमची नोकरी आहे.”

बद्रीनाथनं काचेतून आत पाहिलं. विशाखा एकटीच आणखी एक खिडकी उघडत होती.

“मिळाला,” तो म्हणाला.